बारदानावरच्या खारोड्या

अण्णांनी जन्मात पहिल्यांदा केलेली खारोडी उषाबाईंनी ओट्याच्या कडेवर आपटून पाहिली. फुटली नाही.

"भाऊजी," शेजारच्या उषाबाई म्हणाल्या, "ही खायची हाये का गोफणीत घालायची?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी खारोडी उषाबाईंच्या हातातून काढून घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, नखानं खरवडून पाहिली आणि परत डब्यात टाकली. कारखान्यात नमुना बघताना ते असेच उजेडाकडे वळायचे.

खारोडी ही काही अवघड वस्तू नाही, असं आम्हा दोघांना तोपर्यंत वाटत होतं. बाजरी भिजवून भरडायची, लसूण-तिखट-जिरं घालून शिजवायची, बोटाच्या पेराएवढ्या लहान लहान गोळ्या करून उन्हात वाळवायच्या. वाळल्या की डब्यात भरायच्या आणि वर्षभर तळून खायच्या, नाहीतर शेंगदाणे आणि कच्च्या तेलाबरोबर तशाच. आमच्या घरात हा डबा कधी रिकामा पाहिला नव्हता. तो भरतो कसा, हे मात्र अण्णांनी पाहिलं नव्हतं आणि मीही नाही.

आई मागच्या पावसाळ्यात गेली. सकाळी डोकं दुखतं म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. त्याच वर्षी अण्णा साखर कारखान्यातून निवृत्त झाले होते. ते पॅनमन होते. उसाचा शुद्ध केलेला रस मोठ्या बंद भांड्यात आटवायचा आणि त्यात साखरेचा दाणा उभा करायचा, हे पॅनमनचं काम. भांड्यातला थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन, उजेडात धरून, दाणा कुठवर आला ते ते सांगत. मी रसायनशास्त्रात बीएस्सी करून त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो आहे. अण्णा डोळ्यांनी जे सांगायचे ते मी यंत्रावर मोजतो. कारखान्यामागे, अंकुशनगरातच आमचं चार खोल्यांचं घर आहे. आई गेल्यापासून त्यात आम्ही बापलेक दोघंच. मोठी बहीण आकांक्षा शहागडला दिली आहे. आई गेली तेव्हा ती गरोदर आहे हे तिलाही अजून कळलं नव्हतं.

खारोड्यांचं निघालं ते फेब्रुवारीत, तिच्या सासूबाईंच्या फोनवरून. अण्णा फोन नेहमी स्पीकरवर लावतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"पाव्हणे, रागाला येऊ नका," गोजरबाई म्हणाल्या. "सातवा लागला की लेकीला माहेरी न्यायची रीत हाये, मला काय म्हाईत न्हाई का? पर तुमच्याकडं बाईमाणूस कोण हाये आता? पहिलटकरीण हाये ती. आंघोळ कोण घालंल, शेक कोण दील? बाळंतपण इकडंच करू."

मागून ताईचा आवाज आला.

"आत्याबाई, अण्णांना म्हणावं मला खारोड्या खाव्या वाटून राह्यल्या. आईच्या…" ती थांबली. "घरच्या म्हणावं. आपल्या घरच्या."

"ऐकलं," अण्णा म्हणाले. "करतो की. खारोड्या घेऊन येतो अन् येताना आकांक्षाला घेऊन जातो. मंग बघू ईनबाई, बाईमाणसाचं."

"तुम्ही करता खारोड्या?"

"मी न्हाई तर कोण?"

गोजरबाई हसल्या. वाईट नव्हतं ते हसणं, पण हसल्या. "बरं, खारोड्या आणा आधी. मंग बोलू."

फोन ठेवून अण्णा खाटेवर बसले. मग मला म्हणाले, "पहिलं बाळंतपण माहेरी झालं न्हाई, तर पुढं ती पाव्हण्यावाणी येईल, राधे. सकाळी येईल अन् सांजच्याला जाईल. मी बघितलंय. माय गेली की घर बंद पडतं लोकायचं."

"मग?"

"मंग काय, बाजरी आण."

पहिली खेप बिघडली ती माझ्यामुळे. गिरणीवाल्यानं विचारलं, बारीक काढू का जाड, आणि मी पूर्ण आत्मविश्वासानं बारीक म्हणालो. पदार्थ जितका बारीक तितका त्याला पाणी आणि उष्णता सगळीकडून लागते, तितका तो लवकर आणि सारखा शिजतो. कॉलेजात हे शिकलो होतो, प्रयोगशाळेत रोज वापरतो, आणि ते खरंच आहे. पिठाचा सुंदर लगदा झाला. तो स्टीलच्या ताटांत वाळला आणि त्याची ती गोफणगुंड्यांसारखी वस्तू तयार झाली. लगद्यात पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. वरून कवच धरलं, आतलं हळूहळू आवळत गेलं, आणि शेवटी हवेचा एक कणही आत राहिला नाही. तळलं तर तेलाला आत शिरता येईना. हे सगळं मला नंतर समजलं, आणि समजल्यावर बरंही वाटलं, कारण चुकीला कारण होतं.

"भरड काढायची असती, बाप्पा," उषाबाई म्हणाल्या. "रव्यापेक्षा जाड. तुमची आई पाखडून घ्यायची."

"अजून काय करायची?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? आमच्यात कुरडया करत्यात, खारोड्या न्हाई. मी आपली खायला यायची."

दुसऱ्या खेपेला आम्ही भरड काढली, पाखडली, रात्रभर भिजवली. शिजवायला अण्णा स्वतः बसले. बाहेर पत्र्याच्या आडोशाला तीन दगडांची चूल मांडली, वर मोठं पातेलं. मी पाहत होतो. इतके महिने खाटेवर बसून असलेला माणूस पहिल्यांदा उभा राहिला होता. जाळ मागे-पुढे करत, उलथन्यानं ढवळत, मध्येच अंगठा आणि बोटाच्या चिमटीत थोडं घेऊन चाचपून पाहत. चेहऱ्यावर पाळीवरचा तो जुना भाव होता.

"बघ," ते म्हणाले आणि चिमूट माझ्यापुढे धरली. "दाणा न् दाणा सुटा हाये. एकमेकाला चिटकला न्हाई. ह्याला म्हणत्यात काम."

मलाही ते फार छान वाटलं. पॅनमध्ये दाणा दाण्याला चिकटला की माल खराब. त्या साखरेला मग पाणी सुटतं, ती धुतली जात नाही. अण्णांनी सगळी नोकरी त्या चिकटण्याच्या अलीकडे माल उतरवण्यात घालवली. बाजरीही त्यांनी बरोबर तिथंच उतरवली.

खारोड्या वाळल्या आणि उचलायला गेलो तर त्यांची भरड झाली. जशी गिरणीतून आणली होती तशीच, फक्त तिखट-मिठाची. अण्णांनी ताटातली एक चिमूट घेतली आणि ती बोटांतून खाली सोडली.

"सुटा दाणा," ते म्हणाले.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. मग ते स्वतःच हसले. आई गेल्यावर त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. फार वेळ टिकलं नाही.

"म्हणजे चिटकवायची असती ही," ते म्हणाले. "चिटकली पाह्यजे. मी तर ती चिटकू नये म्हणून जीव टाकून राह्यलो."

मी त्यातली मूठभर प्रयोगशाळेत नेली. साखरेचा ओलावा काढायची भट्टी असते, तिच्यात ठेवून पाहावी म्हटलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रितमनं भट्टीत डोकावलं.

"हे काय हाये बे?"

"खारोडी."

"ब्रिक्स किती आला?" उसाच्या रसातली साखर मोजताना विचारतात तसं त्यानं विचारलं.

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत कुणीही आलं की प्रितम आधी खारोड्यांची खबर द्यायचा. वजनकाट्याजवळ कुणीतरी बाजरीचा एक कच्चा दाणा ठेवून गेलं होतं, त्याच्यावर चिठ्ठी होती, 'नमुना'. मला राग आला नाही. मी खरंच विचार करत होतो, की मी तेवीस वर्षं ज्या गच्चीखाली झोपलो, तिथं दर वर्षी माघात काय चालायचं हे मला कसं माहीत नाही. मी शाळेत असायचो, हे एक उत्तर. अण्णांचं उत्तर जास्त सरळ होतं. गाळप हंगाम आणि वाळवणाचे दिवस एकच. हंगामात ते दिवसपाळीला असले तर कारखान्यात, रात्रपाळीला असले तर दिवसा झोपलेले. "सीझनमधी मी दिवसा गच्चीवर गेल्तोच न्हाई कधी," ते म्हणाले. हंगाम संपून ते घरात माणसासारखे बसायला लागायचे तेव्हा डबा भरलेला असायचा. आमच्याकडे पोतं शिवून झाल्यावर साखर पाहणारा माणूस असतो. तो कधी पॅनवर येत नाही. त्याला वाटतं साखर पांढरीच असते.

तिसरी खेप मोठी होती. सातवा लागत आला होता आणि अण्णांनी रविवारी शहागडला येतो म्हणून दाजींना कळवून टाकलं होतं. या वेळी सगळं जमलं. भरड जाड होती. आधणाचं पाणी सढळ होतं. अण्णांनी झाकण ठेवून मंद जाळावर बाजरी वाफवली, आणि दाणे असे एकमेकांना धरून बसले की उलथनं फिरेना. वास थेट आईच्या खारोड्यांचा होता. तो वास आल्यावर आम्ही दोघंही एकमेकांकडे न पाहता कामाला लागलो.

फक्त एवढ्या खारोड्या घालायच्या कशावर, हा प्रश्न होता. ताटं पुरणार नव्हती.

"तुमची आई साडीवर घालायची," उषाबाई भिंतीवरून म्हणाल्या. "जुनं सुती पातळ अंथरायची."

घरात साडी नव्हती. तेराव्यानंतर आत्यानं सगळ्या साड्या नात्यातल्या बायकांना वाटल्या होत्या. तशी रीतच आहे, आणि दोन पुरुषांच्या घरात साड्या ठेवून करायचं काय, असं ती म्हणाली होती. तेव्हा आम्हाला ते पटलं होतं. आमच्या चादरी टेरिकॉटच्या. उषाबाईंच्या साड्या, त्यांच्याच शब्दांत, सगळ्या सिंथेटिक, पाणी धरत नाहीत. आणि हातात पातेलं भरून वाफाळती बाजरी, जी निवली की आकार घेणार नव्हती.

"बारदान आण," अण्णा म्हणाले.

आमच्या भागात कारखान्याचं बारदान नाही असं घर नाही. साखरेचं तागाचं पोतं. दारात पाय पुसायला बारदान, कूलरला लावायला बारदान, बैलाच्या पाठीवर पावसात बारदान. आम्ही माळ्यावरची कोरी दिसणारी पोती काढली, उसवली, झटकली, गच्चीवर अंथरली आणि ओल्या बोटांनी ओळीत खारोड्या घातल्या. ताग पाणी शोषतो, म्हणजे खालूनही वाळतील, असा मी सिद्धांत मांडला. अण्णांनी मान डोलावली. संध्याकाळी त्या इतक्या सुरेख दिसत होत्या की अण्णांनी त्यांचा फोटो काढून ताईला पाठवला.

साखरेचं पोतं कितीही झटकलं तरी विणीत साखर राहते. डोळ्याला दिसत नाही. साखर हवेतला ओलावा ओढते, हे मला माहीत असायला हवं होतं, नव्हे, माहीत होतंच, पगार मला त्याचाच मिळतो. रात्रीच्या दवानं ती विरघळली आणि खारोड्यांच्या बुडाशी पाक झाला. सकाळी वर गेलो तेव्हा बारदान काळं दिसत होतं. जवळ गेल्यावर ते काळं हलत होतं.

अण्णा मांडी घालून बसले. एक खारोडी उचलायची, फुंकायची, मुंग्या झटकायच्या, दुसऱ्या ताटात ठेवायची. बुडाला तागाचे केस चिकटून येत होते. ते चिमटीनं काढायचे.

"अण्णा, राहू द्या."

"चव बराबर आल्ती, राधे."

"अण्णा, नाही निघणार सगळ्या."

"ऊन चढू दे," ते म्हणाले. "मुंग्या पळत्यात उन्हानं." ते दुपारपर्यंत तिथंच होते.

रविवारी ते शहागडला गेले नाहीत. पाय दुखतो म्हणून त्यांनी दाजींना सांगितलं. पुढच्या आठवड्यात चौथी खेप करायची का, असं मी विचारलं तर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. चुलीचे दगड त्यांनी परत कुंपणाला लावून टाकले होते.

ताईचा फोन मला आला, त्यांना नाही.

"राधे, खरं सांग. पाय दुखतो का अण्णांचा?"

मी खरं सांगितलं. पीठ, सुटा दाणा, बारदान, मुंग्या, सगळं क्रमानं. ती हसली.

"आईची हिरवी साडी माझ्याकडं हाये," ती म्हणाली. "आत्यानं मला ती दिल्ती. तिच्यावरच घालायची आई. तिला तिखटाचे डाग हायेत, म्हणून कुणी घेतली न्हाई."

"पाठवून देशील का कुणाबरोबर?"

"मीच येते घेऊन."

सातव्या महिन्यातल्या सुनेला गोजरबाई एकटी सोडणार नव्हत्या. दाजींचं हायवेला टायरचं दुकान आहे, त्यांनी ते त्या दिवशी बंद ठेवलं, दोघींना जीपमधून आमच्या दारात सोडलं आणि गाडी सावलीत लावून मोबाइल बघत बसले. आत या म्हटलं तर म्हणाले, "आई बोलून घेऊ दे आधी. मी मधी नको."

गोजरबाई आल्या त्या घर बघायला, हे कुणालाही कळलं असतं. पाणी प्यायल्या आणि उठल्या. न्हाणीघराचा उंबरा पाहिला. पलंग खिडकीच्या झोतात आहे का, ते पाहिलं. चहा मी ठेवला होता, तो उतू गेला, तेही त्यांनी पाहिलं. मग फडताळातल्या तीन डब्यांपाशी थांबल्या. डब्यांवर मी कागद चिकटवले होते, १, २, ३.

"हे काय हाये?"

"खारोड्या," अण्णा म्हणाले. ते दारातच उभे होते. "पहिली खेप, दुसरी, तिसरी."

"मंग? व्हत्या तर आणल्या का न्हाई?"

"बिघडल्याल्या हायेत."

"बिघडल्याल्या?" त्यांनी वळून पाहिलं. "मंग डब्यात भरून कशाला ठेवल्या? कोंबड्यास्नी घालायच्या."

"नमुना ठेवावा लागतो, ईनबाई. पॅन बिघडला तर आम्ही नमुना फेकत न्हाई. पुढच्या पाळीवाल्याला कसं कळंल काय चुकलं ते?"

"पुढची पाळी कुणाची हाये इथं?"

अण्णा दारातून आत आले.

गोजरबाईंनी पहिला डबा उघडला. एक खारोडी गालात ठेवली, दोन्ही बाजूंनी फिरवली, आणि बाहेर काढून ओट्यावर ठेवली. "ही न्हाई." दुसऱ्यातली भरड तळहातावर घेऊन चाटून पाहिली. "मीठ बराबर हाये." तिसरा उघडला, एक उचलली, डोळ्यांजवळ नेली.

"हिला मुंग्या लागल्या व्हत्या?"

"वेचल्या. सगळ्या न्हाई निघाल्या."

"किती वेळ वेचत बसले?"

"दुपारपर्यंत," मी म्हणालो, कारण अण्णा सांगणार नव्हते.

त्यांनी ती फुंकली आणि चावली. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो. ताई पदर तोंडाला लावून उभी होती, हसू दाबत होती की काय ते कळत नव्हतं.

"गुळचट लागती बुडाला," गोजरबाई म्हणाल्या. "पर चव धरली हाये हिनं." उरलेली अर्धी त्यांनी टाकली नाही, खाल्ली. मग खुर्चीत बसल्या.

"पाव्हणे, मी सरळ बोलते. बाळंतिणीला खारोडी लागत न्हाई. रातीचं उठावं लागतं."

"तीस सीझन रातपाळी केलीय."

"पाणी तापवावं लागतं."

"वाफेवरच जन्म गेला, ईनबाई."

"अन् आंघोळ? ती काय तुम्ही घालणार?"

"ती मी घालणार," दारातून उषाबाई म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणाला कळलं नव्हतं. "भाऊजींनी मला इचारलं न्हाई अजून. पर मी घालणार. माझ्या दोन लेकींची केलीत बाळंतपणं ह्या हातानं."

"मंग हे आधी बोलायचं की!" गोजरबाई अण्णांवर उखडल्या. "महिनाभर खारोड्या कशाला करत बसले?"

"तुम्हीच म्हणल्या. खारोड्या आणा आधी."

"मी आपलं बोलून गेले. मला वाटलं, म्हणाल जमत न्हाई. जमत न्हाई म्हणले असते तर मला सोपं गेलं असतं."

बाहेर उसाचा एक ट्रॅक्टर गाणं लावून गेला, आणि तो जाईपर्यंत सगळ्यांना गप्प राहायला निमित्त मिळालं.

"आई पण बिघडवायचीच की," ताई म्हणाली.

अण्णांनी मान वर केली.

"पहिली खेप दर वर्षी. एखाद्या सालाला बाजरीच कडू निघायची, एखाद्या सालाला आभाळ यायचं, बुरशी धरायची. एकदा तिखट इतकं पडलं की तीच खोकत बसली. ती खेप शेळीला, नाहीतर उषाकाकूंच्या कोंबड्यांना. तुम्ही पाळीवरून यायच्या आत सगळं उचलून टाकायची. मला म्हणायची, अण्णांना सांगू नको, त्यांचा पॅन कधी बिघडत न्हाई, हसतील."

"माझा पॅन बिघडत न्हाई?" अण्णा म्हणाले. ते उभ्या उभ्याच भिंतीला टेकले. "मी तिला कधी सांगितलंच न्हाई बिघडला तर."

त्यांनी तेवढंच म्हटलं आणि बाहेर गेले. मला वाटलं आता पुन्हा आडवे होतील. पण पत्र्याच्या आडोशातून दगड सरकवल्याचा आवाज आला. ताईनं पिशवीतून हिरवी साडी काढली आणि झटकली. तिच्यावर तिखटाचे फिकट नारिंगी ठिपके होते, ओळीनं, एकसारख्या अंतरावर. दर वर्षी त्याच जागी खारोडी पडत गेल्यासारखे.

भिजवलेली भरड नव्हती, म्हणून उषाबाईंनी सांगितलं तसं कोमट पाण्यात घालून वर झाकण दाबून ठेवली. जेवणं होईपर्यंत ती फुगली. शिजवली अण्णांनीच. गोजरबाई चुलीपासून चार हात लांब खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांनी एकही सूचना केली नाही, हे त्यांना किती अवघड जात होतं ते दिसत होतं. फक्त एकदा म्हणाल्या, "जाळ…", आणि थांबल्या. अण्णांनी जाळ कमी केला.

ताईला जिना चढू द्यायचा की नाही यावर थोडा वाद झाला. शेवटी ती माझा हात धरून हळूहळू वर आली आणि खाटेवर बसली. साडी आम्ही दुहेरी अंथरली, कडांना विटा ठेवल्या. अण्णांनी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि पहिली खारोडी ठिपक्यावर घातली, मग दुसरी पुढच्या ठिपक्यावर. थोड्या वेळानं मी साडीखाली हात घालून पाहिला. कापड गार आणि ओलं लागत होतं. पाणी खाली उतरत होतं आणि उन्हानं वर उडत होतं, दोन्ही बाजूंनी. वाळल्यावर साडी उलटी करून मागून पाणी शिंपडलं की खारोड्या आपोआप सुटतात, असं ताई म्हणाली. मला त्याचं कारण लगेच कळलं. मी ते सांगितलं नाही.

ही खेप जमली की नाही, ते लिहिताना अजून मला माहीत नाही, असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे थोड्या कडांना तडकल्या. डबा पाऊणच भरला.

पण त्या दुपारी त्या ओल्याच होत्या. वरून नुसती साय धरली होती. ताईनं खाटेवरून हात लांब केला आणि कडेची एक उचलून तोंडात टाकली.

"अगं, वाळली न्हाई अजून!" अण्णा म्हणाले.

"अशीच खायची असती," ती म्हणाली. डोळे मिटून घेतले होते. "मला हीच खावी वाटत होती, अण्णा. डब्यातली नाही. ही. ही शहागडला कशी आणणार होते तुम्ही?" तिनं दुसरी उचलली. "आई कडेला एक ओळ जास्तीची घालायची. जिन्याच्या बाजूला. चोरांसाठी म्हणायची."

गोजरबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून, वर येताना लागलेला दम खात. त्यांनी सुनेकडे पाहिलं, साडीवरच्या दोन रिकाम्या जागांकडे पाहिलं. मग कठड्यावरून खाली वाकून दाजींना हाक मारली.

"कल्याण! अरे कल्याण! ती मागच्या सीटवरची पिशवी काढून घरात ठेव हिची."

म्हणजे पिशवी भरून आणलीच होती.

अण्णांनी ऐकलं, पण वर पाहिलं नाही. त्यांनी पातेल्याच्या तळाशी उरलेलं उलथन्यानं खरवडून गोळा केलं, वाटीत बोटं बुडवली, आणि साडीच्या जिन्याकडच्या कडेला, जिथं एकही ठिपका नव्हता, तिथं एक नवी ओळ घालायला सुरुवात केली.